साहेबांची मुसकी

मी एक जुनी मुसकी आहे, मित्रांनो. कुत्र्याने चावू नये म्हणून त्याच्या तोंडावर चढवतात ती जाळी. नाव ऐकून तुम्ही नाक मुरडले असेल, तर त्याची मला सवय आहे. वर्तमानपत्रवाले तर चोर पकडला की 'मुसक्या आवळल्या' असे छापतात. चोरांशी माझा काडीचाही संबंध नाही.

चामड्याचे काम करणाऱ्या एका कारागिराने मला घडवले. तारेची टोपली, तिच्यावर रबराचे मऊ आवरण आणि मानेमागे बांधायला चामड्याचा पट्टा. तो माणूस हाताचा चोख आणि तोंडाचा फटकळ होता. गिऱ्हाइकाने लहान माप सांगितले की म्हणायचा, "कुत्र्याला जीभ बाहेर काढता आली पाहिजे, पाणी पिता आलं पाहिजे. नाहीतर तुम्हीच घालून बघा." त्याने मला ऐसपैस केले, याबद्दल मी त्याची आजही ऋणी आहे.

माझी पहिली नोकरी प्राण्यांच्या दवाखान्यात होती. तिथे दोघे कुत्र्याला दाबून धरत आणि तिसरा मला त्याच्या तोंडावर कोंबत असे. सुई टोचत डॉक्टर, पण खापर फुटे माझ्यावर. मी दिसले की कुत्री टेबलाखाली शिरत. पुढे प्लास्टिकच्या हलक्या मुसक्या आल्या आणि माझी रवानगी भंगाराच्या खोक्यात झाली. तेव्हा मला खूप वाईट वाटले होते.

तिथून मला एका मावशींनी उचलले. मावशी शिवणकाम करायच्या. बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यातून एकेक कुत्रा घरी आणायचा, चार-सहा महिने सांभाळून त्याला वळण लावायचे आणि मग चांगले घर बघून पाठवणी करायची, हा त्यांचा दुसरा उद्योग. त्यांच्या मशीनच्या खोलीत कापडाच्या चिंध्यांवर कुणी ना कुणी पसरलेले असेच.

त्या वर्षी तिथे साहेब होते. अंगाने तपकिरी, एक कान फाटका. कुणीही आले तरी जागचे उठायचे नाहीत, म्हणून नाव साहेब. दोन वर्षे त्यांना एका गोदामात तारेने बांधून ठेवले होते. वरून हात आला की मार बसणार, एवढेच ते शिकले होते. निवाऱ्यात एकाने डोक्यावर हात ठेवला, तर साहेबांनी त्याचा अंगठा फोडला. निवाऱ्याचा नियम असा होता की दोनदा चावलेला कुत्रा कुणाच्या घरी द्यायचा नाही. त्याने जन्मभर पिंजऱ्यात राहायचे. साहेबांच्या हातात एकच संधी उरली होती.

मावशींनी मला आतून उकडलेल्या बटाट्याचा लगदा फासला, पेल्यासारखे हातात धरले आणि त्या गप्प बसून राहिल्या. "तोंड त्याने घालायचं. आपण घालायचं नाही," असे त्या आपल्या यजमानांना बजावत. यजमान म्हणत, "माझ्यासाठी कधी एवढी थांबली नाहीस." पहिल्या दिवशी साहेबांनी नुसता वास घेतला. चौथ्या दिवशी नाक आत आले. पट्टा बांधायला बारावा दिवस उजाडला. कुणीतरी आपणहून माझ्याकडे आले होते, मित्रांनो. मला फार बरे वाटले.

मग एक जोडपे साहेबांना बघायला आले आणि तिथेच मावशींचे चुकले. मुलगी दाखवायची असावी तसे त्यांनी साहेबांना विंचरले आणि मला मशीनच्या खणात लपवले. "जाळी बघून कोण घेईल याला?" त्या पुटपुटल्या. पाहुणे गृहस्थ मोठ्या प्रेमाने वाकले आणि त्यांनी साहेबांच्या डोक्यावर हात ठेवला. पुढचे मी खणातून ऐकले. शर्टाची बाही फाटली आणि मनगटावर दातांचे वळ उठले.

जोडपे निघून गेले. ही गोष्ट मावशींना लपवता आली असती. पण त्यांनी निवारा चालवणाऱ्या बाईंना फोन केला. "चावला. चूक माझी आहे, त्याची नाही." बाईंनी जखमेची चौकशी केली. मग म्हणाल्या, "कातडी फुटली नाही, म्हणून एक महिना देते. त्यात घर मिळालं नाही, तर परत आणा."

त्या दिवसापासून दाराची घंटा वाजली की मी साहेबांच्या तोंडावर असे. येणाऱ्याला मावशी उंबऱ्यातच सगळे सांगत, अंगठा आणि बाहीसकट. तीन जण चहासुद्धा न घेता गेले. शेवटच्या आठवड्यात एक दातांच्या डॉक्टरीण आल्या. मला पाहून त्या हसल्या. "कामावर मीही तोंड बांधूनच असते. आणि दिवसभर घाबरलेल्यांच्याच तोंडात हात घालते." मग त्या साहेबांकडे पाठ करून जमिनीवर बसल्या. अर्धा तास मावशींशी दाढदुखीवर बोलल्या. साहेब उठले, जवळ गेले आणि मला त्यांच्या पाठीला टेकवून उभे राहिले. मावशी डोळे पुसायला आत गेल्या.

आता मी डॉक्टरीणबाईंच्या घरी, दाराजवळच्या खालच्या खुंटीवर असते. एरवी माझे काम पडत नाही. मागच्या सुटीत त्यांचा भाऊ मुलाबाळांसह आला. घंटा वाजली, बाहेर गलका झाला. डॉक्टरीणबाई दुसऱ्या खोलीत होत्या. साहेब थरथरत माझ्यापाशी आले आणि मी रिकामी असूनही त्यांनी माझ्यात तोंड घातले. कुणी सांगितले नव्हते. आत बटाटाही नव्हता. डॉक्टरीणबाई धावत आल्या, "शहाणा माझा," म्हणत त्यांनी पट्टा बांधला आणि मगच दार उघडले.

मित्रांनो, रस्त्यात मुसकी घातलेला कुत्रा दिसला तर दगड उचलू नका, आणि प्रेमानेही त्याच्या डोक्यावर हात ठेवू नका. थोडे अंतर ठेवा, त्याला येऊ द्या. त्याच्या तोंडावर माझ्यासारखी कुणी दिसली, तर समजा की त्याची काळजी करणारे कुणीतरी घरी आहे. आणि कधीकधी तर त्याने स्वतःच ती मागून घेतलेली असते.