निसरडा खडक

"आत्याबाई, खडकावर जाऊ नका. पाय ठरत न्हाई तिथं!" स्वप्नाली काठावरनंच वरडली.

"तू मला चालाया शिकवती व्हय? तुझ्या जन्माआधीपासनं हितनं खेकडं काढतीया मी," म्हणत सासू, सरूबाई, खडकावर चढलीसुदिक.

कवठे येमाईच्या खालच्या अंगाला कुकडी नदीनं काळ्या कातळात माणूस बुडंल एवढाले रांजण कोरलेत. पूर्वी त्या कातळाला गोगलगाई चिकटलेल्या असायच्या. शेवाळ उगवलं की चाटूनपुसून साफ. पण अलीकडं शिमग्याआधीच वैशाख पेटतो. औंदा पाणी तापून गोगलगाई जागच्या जागी मेल्या. खाणारं गेलं, शेवाळ माजलं.

सरूबाईला ते दिसत होतं. पण ड्रेस घालणाऱ्या, डोईवर पदर न घेणाऱ्या सुनंचं ऐकायचं म्हंजी कमीपणा.

एका रांजणाच्या काठावर तिचा पाय सटकला. "आई गं" म्हणेस्तवर बाई आत.

स्वप्नाली रांगतच पोचली. आत डोईवरनं जाईल एवढं कोमट पाणी. सरूबाई कडंला हात घालायची, नखं शेवाळात सरकायची, पुन्हा खाली. नाकातोंडात पाणी जायला लागलं. भर दुपार, पात्रात चिटपाखरू न्हाई. स्वप्नालीनं ओढणी सोडली. ती हातभर कमी पडली.

"आत्याबाई, लुगडं सोडा!"

"येडी झालीस का? उघडी हू व्हय?"

"लाज गेली खड्ड्यात! तुमच्या पोराला मी काय तोंड दाखवू? नऊवार हाय, पुरंल. सोडा म्हणते ना!"

सून पहिल्यांदाच सासूवर वरडली होती. सरूबाईनं बुडत-उसळत कासोटा सोडला, ओल्या लुगड्याचं टोक वर भिरकावलं. घसरलं. पुन्हा भिरकावलं. घावलं! स्वप्नालीनं ते खडकाच्या सुळक्याला आवळलं आन् सासूच्या हातनं वरच पडलेलं खेकडं उकरायचं खुरपं ओढणीला बांधून खाली सोडलं.

"आधी शेवाळ खरवडा, मग पाय रोवा!"

खर्र, खर्र. हिरव्याखालनं काळा कातळ उघडा पडला. सरूबाई लोंबकळत वर सरकली. तेवढ्यात लुगडं टरकन फाटलं.

"टिकंल का गं?"

"टिकंल. खाली बघू नका. माझ्याकडं बघा."

तापल्या खडकावर पालथं पडून स्वप्नालीचं पोट भाजत होतं. सासूचं मनगट घावलं तशी तिनं जीव खाऊन ओढलं.

बराच वेळ दोघी धापा टाकत पडून ऱ्हायल्या. मग स्वप्नालीनं तोंड फिरवलं. सरूबाईनं फाटकं लुगडं कसंबसं गुंडाळलं.

काठावर जायला पुन्हा तोच हिरवा खडक ओलांडायचा होता. सरूबाई उठली, पाऊल उचललं आन् थांबली.

"तू म्होरं हो, पोरी," ती हळूच म्हणाली. "पाय कुठं ठिवायचा, ते सांग."