ठिपके कुणी पुसले?

लोजासीच्या मत्स्यगृहासमोर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. सेंगा बे या सरोवरकाठच्या गावातले कोळी जाळी तशीच टाकून आले होते. बाजारातल्या बाया सुक्या माशांच्या टोपल्या डोक्यावर घेऊनच आत डोकावत होत्या. काचेच्या टाक्यांतून निळे-पिवळे मासे मजेत फिरत होते आणि एकाच्याही अंगावर पांढरा ठिपका नव्हता. थोड्याच दिवसांपूर्वी हेच मासे मीठ भुरभुरल्यासारखे दिसत होते. दगडांना अंग घासत होते, पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होते. सरोवरातून धरायचे, टाक्यांत ठेवायचे आणि विमानाने परदेशी शौकिनांकडे धाडायचे, हा लोजासीचा धंदा. तो बसायच्या बेताला आला तेव्हा त्याची बायको झियोने हिने संदेष्ट्या जोफेटला बोलावलं. लोक त्याला पापा म्हणत. पापाने डोंगरावर उपास करून मंतरलेल्या पाण्याच्या बाटल्या दिल्या, एका टाकीला एक. आणि ठिपके गेले!

"डॉक्टरच्या औषधाला बाटली लागते, देवाच्या औषधाला नुसता भरवसा," पांढऱ्या झग्याच्या बाह्या सावरत पापा म्हणाला. त्याच्या औषधालाही बाटलीच लागली होती, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. लोक गाऊ लागले, टाळ्या पिटू लागले.

एनिफा तेवढी भिंतीला चिकटून उभी होती. टाक्या धुणं, माशांना दाणा घालणं हे तिचं काम. नवरा कधीच गेला होता, मूलबाळ नव्हतं. ती टाळ्या वाजवत होती, पण तिचे तळवे गार पडले होते. सगळ्यांत मागच्या टाकीची बाटली तिच्या हातून निसटून फरशीवर फुटली होती. काचा तिने घाईघाईने वाळूत पुरल्या आणि कुणाला सांगितलं नाही. त्या टाकीत पापाच्या पाण्याचा थेंबही पडला नव्हता.

काही दिवसांनी ठिपके परत आले, आणि पहिल्यापेक्षा दाट. सकाळी दार उघडलं की मेलेले मासे उलटे तरंगताना दिसायचे. एनिफा ते जाळीने काढायची. आपण देवाचं पाणी सांडलं म्हणून हे झालं, याबद्दल तिला शंकाच उरली नव्हती.

पापाला पुन्हा बोलावणं गेलं. त्याने टाक्यांवरून नजर फिरवली, डोळे मिटले आणि मान हलवली. "माझं पाणी खोटं पडत नाही. या घरात कुणीतरी माशांचा जीव शोषतंय. रोज हात घालणारंच कुणीतरी."

मत्स्यगृहात तीन बाया कामाला होत्या. तिघींना अंगणात ओळीने उभं केलं, पुढ्यात पाणी भरलेली पांढरी इनॅमलची परात ठेवली. चेटकिणीचा हात लागला की पाण्याचं रक्त होतं, असं पापाने जाहीर केलं. पहिलीने हात बुडवले. पापाने वरून आपला हात फिरवून प्रार्थना म्हटली. पाणी जसंच्या तसं. दुसरीचंही तसंच. एनिफाची पाळी आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. पापाने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. तिने हात बुडवले, तेव्हा त्याने प्रार्थना म्हणत अंगठा परातीत बुडवला आणि पाणी ढवळलं.

पाण्यात लाल धागे सुटले. बघता बघता परात लालभडक झाली.

कुणी ओरडलं नाही. माणसं फक्त मागे सरकली, आणि एनिफाभोवती मोकळी जागा झाली. त्या शांततेचीच तिला सर्वांत जास्त भीती वाटली. पलीकडच्या गावात एका म्हातारीचं घर असंच पेटवलं होतं. ती आत असताना. मग झियोनेने खाली वाकून दगड उचलला. एनिफाने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. ते लाल झाले होते. 'असेन मीच,' तिच्या मनात आलं, 'मला माहीत नसताना असेन.'

पहिला दगड तिच्या खांद्याला लागला. ती पळाली. पाठीमागे पावलं वाजत होती. मत्स्यगृहाशेजारच्या एका खोलीत शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या केटीबाई न्यिरोंगो राहायच्या. त्यांचं दार उघडं दिसलं, तशी ती आत घुसली आणि पलंगाखाली शिरली. बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. आपल्या खोलीत शिरायचं तर आधी गावप्रमुखाला आणा, असं त्यांनी बजावलं. त्या शिक्षिका होत्या, जमावातल्या निम्म्यांची पोरं त्यांच्या वर्गात होती. जमाव थबकला, पण हटला नाही.

"बाहेर ये मावशी," बाई हळूच म्हणाल्या. "काय झालं ते सांग."

एनिफाने रडत रडत सगळं सांगितलं, फुटलेल्या बाटलीसकट. मासे माझ्यामुळेच मेले, म्हणाली.

बाईंनी तिचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "मागच्या टाकीतले ठिपके पहिल्या खेपेला गेले होते की नाही?"

"गेले होते."

"बाकीच्यांबरोबरच?"

"हो, बरोबरच."

"म्हणजे पापाचं पाणी नसतानाच गेले. हे सगळ्यांसमोर सांगशील?"

एनिफाने नकारार्थी मान हलवली. बाटली फोडल्याचं कबूल केलं तर लोक तिथंच ठेचतील. बाईंनी तिचे हात उजेडात धरून पाहिले. लाल रंग आता तपकिरी पडला होता. त्यांनी वास घेतला, नखाने खरवडून पाहिलं आणि हा डाग कशाचा ते ओळखलं. "सुकलेलं रक्त खरवडलं की निघतं, हे निघत नाही," त्या म्हणाल्या. "मी तुझ्या शेजारी उभी राहीन. हात सोडणार नाही."

गावप्रमुख आला, झाडाखाली चावडी भरली. बाईंनी एकच मागणी केली: बोलण्याआधी पापानेही साबणाने हात धुवावेत. पापा हसला, पावित्र्याला साबण लागत नाही म्हणाला. पण गावप्रमुखाने तांब्या पुढे केला, तेव्हा त्याला धुवावे लागले. हात धुतले तरी उजव्या अंगठ्याचं नख आणि भोवतालची कातडी तपकिरीच राहिली, एनिफाच्या हातांसारखी.

बाईंनी मत्स्यगृहातून जाळी धुवायच्या औषधाचा डबा मागवला. आत जांभळट काळे खडे होते. चिमूटभर नखात भरून त्यांनी पांढऱ्या परातीत अंगठा बुडवला. तेच लाल धागे, तेच रक्त. गर्दीतली एक बाई किंचाळणार होती, तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला. मग बाईंनी त्यात लिंबू पिळलं. रंग फिकटत गेला आणि पाणी जवळपास नितळ झालं.

"हे पाप असतं तर एका लिंबाने धुऊन निघालं असतं का?" त्यांनी विचारलं आणि एनिफाचा हात दाबला.

एनिफा एक पाऊल पुढे आली. बाटली फुटल्याचं तिने सांगितलं, काचा कुठे पुरल्या तेही सांगितलं. गावप्रमुखाने माणूस पाठवला, काचा निघाल्या. लोजासी डोक्याला हात लावून बसला. मागच्या टाकीतले मासेही पहिल्या खेपेला बरे झाले होते, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"मग ठिपके पुसले कुणी?" त्याने विचारलं.

"कुणीच नाही. ते पिकून गळून पडले," बाई म्हणाल्या. "तो ठिपका म्हणजे कातडीखाली बसलेला बारीक किडा. पोट भरलं की तो सुटतो आणि तळाला जाऊन चिकटतो. आपण म्हणतो रोग गेला. तळाशी त्याची शेकडो पिल्लं होतात आणि मासा शोधत सुटतात. औषध त्यांना तेवढ्याच वेळात मारतं. कातडीखालच्याला ते लागत नाही. म्हणून ठिपके दिसेनासे झाले तरी औषध थांबवायचं नाही, तळ उपसत राहायचं, एका टाकीची जाळी दुसरीत घालायची नाही, आणि सरोवरातून नवे मासे आले की आधी वेगळे ठेवायचे."

'हा सैतानाचा शब्द आहे,' असं पापाने म्हणून पाहिलं. कुणी 'आमेन' म्हटलं नाही. गावप्रमुखाने त्याला पोलिसांच्या हवाली केलं.

लोजासीने मत्स्यवैद्याकडून औषध आणलं आणि बाईंनी सांगितलं तसं पाळलं. या खेपेला ठिपके गेले ते परतले नाहीत. पण एनिफाची भीती काही तशी गेली नाही. दारामागे ती पाण्याची बादली भरून ठेवायची, कुणी आग लावलीच तर म्हणून. वाटेत दोन माणसं बोलताना दिसली की ती रस्ता बदलायची.

पावसाळ्यात झियोनेचं धाकटं पोर तापाने फणफणलं. सासू पुटपुटली की हे त्या एनिफाचंच काम. संध्याकाळी एनिफाच्या दारावर थाप पडली. फटीतून झियोनेचा चेहरा दिसला आणि एनिफाचा हात बादलीकडे गेला. पळायला दुसरं दार नव्हतं. तिने कडी काढली.

झियोनेच्या पाठीवर पोर बांधलेलं होतं. "दवाखाना लांब आहे," ती खाली बघत म्हणाली. "एकटीला भीती वाटते. येतेस?"

एनिफाने शाल घेतली. दवाखान्यात सुईने रक्त काढलं, मलेरिया निघाला, गोळ्या मिळाल्या, पोर वाचलं.

वाचणाऱ्यांनो, भीती तुमच्याही दाराशी येईल. तेव्हा हातात दगड घेऊ नका, आधी कारण शोधा. कारण सापडलं नाही तर 'ठाऊक नाही' म्हणा, आणि ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडे जा. तेवढ्याने कुणाचंतरी घर जळायचं राहील.