दारव्ह्यापर्यंत बसून

आमच्या घरातलं सगळं शिक्षण एका दुपट्ट्यावर झालं. दुपट्टा आबाजींचा, म्हणजे माझ्या आजोबांचा. उकंडा त्यांचं नाव. दिग्रसच्या जिनिंगमध्ये त्यांनी चाळीस वर्षं टोपल्या भरभरून कापूस सरकी काढायच्या रेच्यात टाकला. त्यामुळे हात असा बसला होता, की चालत्या एसटीच्या खिडकीतून दुपट्टा फेकला तरी तो सीटवर घडी होऊन पडायचा. पाळी सुटली की भुवयांना कापूस चिकटलेला असतानाच ते स्टँडवर यायचे. वडील डी.एड.ला पुसदला, आत्या नर्सिंगला यवतमाळला, नंतर रुपालीताई आणि मी कॉलेजला. सगळे बसून गेलो. आबाजी जागा धरायचे, आम्हाला बसवायचे आणि उतरून जायचे. कधी सोबत आलेच, तर आपली जागा एखाद्या लेकुरवाळीला देऊन दांडा धरून उभे.

त्यांचा कायदा एकच होता. दुपट्टा पडला की जागा दुपट्ट्याची. फेकणाऱ्याशिवाय कोणी उचलायचा नाही. एकदा त्यांच्याआधी कुणाचा तरी मोजा पडला होता. ताईचा पेपर होता. आबाजी मोज्याकडे बघत म्हणाले, "कायदा मंजे कायदा." ताई यवतमाळपर्यंत उभी गेली. मोज्याचा मालक शेवटपर्यंत आलाच नाही.

गेल्या महिन्यात आबाजी गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी फोटो हवा होता. दिग्रसच्या फोटोवाल्याने त्यांना इतकं गोरं केलं, की आजी म्हणाली, "हा कोन हाय? याले वापस कर." म्हणून यवतमाळला मोठी फ्रेम करायला टाकली. ती आणायला मी निघालो, तेव्हा आजीने आबाजींचा दुपट्टा माझ्या खांद्यावर टाकला.

"संघ्या, त्याले बसवून आन. जिंदगीभर उभा राह्यला तो. या खेपेले त्याच्यासाठी जागा धर."

"आजी, फोटो हाय तो."

"मंग? फोटोचे पाय नाही दुखत काय?"

बी.एस्सी.ला हे नव्हतं.

यवतमाळला दिग्रसची गाडी लागली आणि अख्खा स्टँड दाराशी गोळा झाला. माझ्या एका काखेत आबाजी, दुसऱ्या हातात दुपट्टा. ड्रायव्हरच्या मागची पहिली खिडकी हेरली, नेम धरला आणि फेकला. घराण्याचा हात माझ्यापर्यंत पोचलेला नाही. दुपट्टा एक खिडकी पुढे गेला आणि थेट ड्रायव्हरच्या सीटवर पडला.

मी चढेपर्यंत सगळ्या जागा भरल्या होत्या. आमदारांसाठी राखीव सीटवर तिघं बसले होते. तिघंही आमदार वाटत नव्हते. तेवढ्यात चहा पिऊन ड्रायव्हर भगवानराव आले. त्यांनी आपलं दार उघडलं आणि तिथेच थांबले.

"हा तं उकंडाभाऊचा दुपट्टा हाय. कोनं टाकला?"

मी आतून फ्रेम वर केली. भगवानरावांनी फोटो पाहिला, हात जोडले, आणि खालीच उभे राहिले.

"बसा ना काका," मी म्हणालो.

"कसा बसू? जागा धरलेली हाय."

"चुकून पडला तो."

"तीस वर्सं झाले, त्याईच्या दुपट्ट्यावर कोनी बसलं नाही. मी सुरुवात करू काय?"

मागून कोणीतरी विचारलं, गाडी काहून निघून नाही राह्यली. पुढून कोणीतरी सांगितलं, ड्रायव्हरले जागा नाही भेटली.

शेवटी कंडक्टर बेबीताई दाराजवळच्या आपल्या सीटवरून उठल्या. वर 'वाहक' असं लिहिलं होतं. "बसव बाबू त्याईले इथं. मले तसंबी हिंडाच लागते."

मी ड्रायव्हरच्या सीटवरचा दुपट्टा उचलून त्या सीटवर अंथरला, त्यावर आबाजींना बसवलं. मग भगवानराव बसले आणि गाडी निघाली. फोटोत आबाजी जरा अवघडल्यासारखे दिसत होते. दुकानात तसे दिसत नव्हते.

दारव्ह्याला एक बाई तान्हं पोर घेऊन चढली. तिन्ही आमदार खिडकीबाहेर विकास बघू लागले. मीही दुसऱ्या खिडकीतून बघू लागलो. आजीला शब्द दिला होता. गाडी स्टँडबाहेर पडते न पडते, तोच समोर म्हैस आली. भगवानरावांनी ब्रेक मारला. फ्रेम सीटवरून घसरली, माझ्या गुडघ्याला टेकली आणि सरळ उभी राहिली. काचेवर ओरखडा नाही.

मी काहीच म्हणत नाही. ब्रेक होता.

"बसा ताई," मी म्हणालो आणि दुपट्टा उचलला. तो मलाच उचलावा लागणार होता.

पुढे दिग्रसपर्यंत एका हाताने आबाजी छातीशी, दुसऱ्या हाताने दांडा. उतरेपर्यंत पाय भरून आले. आबाजी तर पाळीत आठ तास उभं राहून स्टँडवर यायचे, आम्हाला बसवून खाली उतरायचे, आणि आम्ही खिडकीतून त्यांना टाटा करायचो.

आजी दारातच होती.

"बसून आला काय?"

"दारव्ह्यापर्यंत."

"मंग काय झालं?"

"लेकुरवाळी चढली."

आजीने फ्रेम हातात घेतली. पदराने काच पुसली, मग पुसून झालेली पुन्हा पुसली. आणि आत वळून ताईला म्हणाली, "रुपाली, आयकलं काय? बुढा दारव्ह्यापर्यंत बसला. लय बसला."