पिठावरच्या माश्या

सरांच्या प्रयोगशाळेत ती लागली तेव्हा तिला वाटलं होतं, हे काम महिनाभरही जमणार नाही. दिवसभर माश्यांसाठी स्वयंपाक करायचा. शिजवलेलं खाद्य काचेच्या बाटल्यांच्या तळाशी ओतायचं, त्यावर फळमाश्या सोडायच्या, तोंडाला कापसाचं बूच लावायचं. दोन आठवड्यांत नवी पिढी तयार झाली की ती ताज्या बाटल्यांत हलवायची. असं करता करता एकोणीस वर्षं गेली. सगळे तिला ताई म्हणत, सर तेवढे बाई म्हणत.

माश्या मुळात एकाच टोपलीतल्या नासक्या फळांवर धरलेल्या. सरांनी त्यांचे दोन भाग केले. एका भागाला पिठाचं खाद्य, दुसऱ्याला उसाच्या मळीचं. कपाटंही वेगळी, दोन्हींत तापमान कायम पंचवीस अंश. सुरुवातीला पिठावर ढिगाने माश्या मेल्या. ज्या थोड्यांना ते कसंबसं पचत होतं त्यांनी अंडी घातली. त्यांच्या अळ्यांमध्येही ज्यांना जरा बरं पचलं त्यांचीच वीण वाढली. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या आणि पिठावरच्या माश्या मळीवर टिकेनाशा झाल्या.

ताईची आई एकदा तिचा विसरलेला डबा घेऊन आली होती. बाटल्यांच्या रांगा बघून तिने सरांना विचारलं, "यातून शेवटी माणूस निघणार का?"

"माश्यांची तशी काही इच्छा दिसत नाही, मावशी," सर म्हणाले. "त्यांचं आहे ते बरं चाललंय. आम्ही एवढंच बघतोय, की एका घरच्या दोन वाटण्या झाल्या, येणं-जाणं बंद झालं, तर किती पिढ्यांनी ते एकमेकांना परके होतात. सोयरीकच जमेनाशी झाली, की नवी प्रजाती झाली म्हणायचं."

सोयरीक जमते का हे बघायची रीत ठरलेली होती. दर सहा महिन्यांनी दोन्हीकडचे नर आणि माद्या, पाठीवर वेगवेगळ्या रंगाचा ठिपका देऊन, एका काचेच्या पेटीत सोडायचे आणि जोड्या मोजायच्या. पहिल्या वर्षी शंभरातल्या पन्नास जोड्या मिश्र होत्या. एकोणिसाव्या वर्षी सहा. सरांचे दोन लेख छापून आले होते. शेवटची मोजणी करून तिसरा लिहायचा, मग झालं, असं ते म्हणत. त्यांची फुप्फुसं निकामी होत चालली होती. आठवड्यातून दोनदा ते नाकात नळी आणि हातात सिलिंडर घेऊन येत.

त्या वर्षी आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. शनिवार-रविवार ताई इस्पितळातच होती. सुट्टीतही रोज येऊन कपाटांचं तापमान बघायचं आणि वहीत लिहून सही करायची, असा नियम होता. सोमवारी सकाळी आल्या आल्या तिने आधी वही ओढली, दोन्ही दिवसांपुढे पंचवीस लिहून सह्या केल्या, आणि मग पिठाच्या कपाटाचं दार उघडलं.

आतून तोंडावर वाफ आली. काटा बेचाळीसवर होता. पिठाच्या चौसष्ट बाटल्यांत खाद्यावर तीळ सांडावेत तशा माश्या पडल्या होत्या. अळ्या काचेवर चढून तिथेच वाळल्या होत्या. तिने एकेक बाटली बोटाने टिचकी मारून पाहिली. चौसष्टच्या चौसष्ट. पूर्वी दुसऱ्या खोलीत याच माश्यांचा जोडसंच ठेवत, पण दोन वर्षांपूर्वी ती खोली कार्यालयाने घेतली आणि संच बंद झाला होता.

सर मंगळवारी यायचे होते. त्या दुपारी तिने बाटल्या धुतल्या, नवं पिठाचं खाद्य शिजवलं, आणि मळीच्या कपाटातल्या माश्या त्यावर सोडल्या. बहुतेक मेल्या. उरल्या त्यांच्यापासून तिने पुढे नवी पिढी काढली. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सर आले, पण धाप लागल्यामुळे कपाटापर्यंत गेलेच नाहीत.

नवव्या दिवशी आई गेली. सर भेटायला घरी आले. बराच वेळ बसले. निघताना म्हणाले, "सावकाश या, बाई. माश्यांची काळजी करू नका." सांगायचं असतं तर तेव्हाच, हे तिला कळत होतं. तिने दार लावून घेतलं.

दोन महिन्यांनी सरांनी मोजणी केली. भिंगाला डोळा लावून ते जोड्या सांगत होते आणि ताई लिहीत होती. शंभरात सत्तेचाळीस मिश्र. सरांनी भिंग पुसलं आणि पुन्हा पेटी भरायला सांगितली. एक्कावन्न. दुसऱ्या आठवड्यात तिसऱ्यांदा. एकोणपन्नास.

"कपाटात काही झालं होतं का?"

"नाही, सर."

त्यांनी वही मागवून घेतली. पानं उलटत ते शेवटपर्यंत आले. सगळीकडे पंचवीस, खाली तिची सही.

"मग चूक माझी," ते म्हणाले. "जे दिसावं असं वाटत होतं, तेच इतकी वर्षं मोजत आलो."

पुढच्या सोमवारी त्यांनी दोन्ही लेख मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. टपालात टाकायला तिच्याचकडे दिलं. तिने ते टाकलं.

त्यानंतर सर प्रयोगशाळेत आले नाहीत. पंधरा दिवस ताईला जेवण गेलं नाही. मग एका सकाळी ती त्यांच्या घरी गेली. सरांच्या पत्नीने तिला पलंगाजवळ खुर्ची दिली. ताईने सगळं सांगितलं, वहीतल्या सह्यांसकट.

सर छताकडे बघत ऐकत होते.

"एकही उरली नाही?"

"एकही नाही."

"अळी? कोष?"

"काहीच नाही, सर."

त्यांनी नाकातली नळी सारखी केली. मग ते म्हणाले, "म्हणजे ते झालं होतं." त्यांचा चेहरा क्षणभर उजळला, आणि लगेच पडला. "आणि आता ते कुणाला दाखवू?"

"मी लिहून देते. सही करते."

"तुमच्या सहीवर आता कोण विश्वास ठेवणार, बाई?"

आवाज चढलेला नव्हता. त्यांनी कूस बदलली. पत्नीने ताईकडे बघून मान हलवली, तशी ती उठली.

तरी तिने लेख छापणाऱ्या मासिकाला पत्र लिहिलं. महिन्याने चार ओळींचं उत्तर आलं. तपासायला माश्याच नसल्यामुळे त्यांना काही करता येत नव्हतं. उत्तर घेऊन ती सरांकडे गेली तेव्हा घराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, सर वारले त्याला आठ दिवस झाले.

चौकशी झाली. ताईने काही लपवलं नाही. तिला कामावरून कमी केलं आणि जाण्याआधी कपाटं रिकामी करायला सांगितली. बाटल्या शीतपेटीत ठेवल्या की माश्या आधी गुंगतात, मग मरतात. तिने मळीच्या बाटल्या आधी ठेवल्या. पिठाच्या बाटल्या हातात घेतल्या तेव्हा तिला दिसलं, या पिढीत मेलेल्या माश्या बऱ्याच कमी होत्या. पीठ पचू लागलं होतं. एकेका बाटलीचं बूच घट्ट आहे ना, हे सवयीने बघत तिने त्याही आत ठेवल्या आणि झाकण लावलं.