नव्या सुनेचं ताट

मी चिनी मातीचा थाळा बोलतोय. पण माझ्या आठवणीवर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा. वय दीडशेच्या घरात आलंय. नलू माझ्यावर पहिल्यांदा जेवली ती लग्नाच्या दुसऱ्या दिवशी की पाचव्या, हेसुद्धा मला खात्रीनं सांगता येत नाही.

जन्म इंग्लंडातला. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र पातळ कागदावर उतरवून माझ्या अंगावर दाबलं. एका बाजूला बांबू, उघडा पंखा आणि दोन करकोचे. दुसरी बाजू जवळजवळ कोरी. जपानी तऱ्हा म्हणे. छापणाऱ्यांपैकी कुणी जपान पाहिला असेल, असं मला वाटत नाही.

आर्वीतल्या कापसाच्या जिनिंगच्या साहेबानं परत जाताना सामान विकलं, तेव्हा या घरच्या अण्णाजींच्या आजोबांनी मला घेतलं. मग कुणीतरी सांगितलं, की असल्या भांड्यांत हाडांची भुकटी असते. घर शाकाहारी. मी तीन पिढ्या कपाटात राहिलो.

अण्णाजींच्या मुलानं, हेमराजनं, हिंगणीच्या नलूशी जातीबाहेर लग्न केलं, तेव्हा त्याच्या आईनं, देवकाबाईंनी, मला बाहेर काढलं. नलूचं जेवण माझ्यावर, बाकीच्यांचं स्टीलच्या ताटांत.

"आई, मले एकटीलेच एवढं सुंदर ताट काऊन?" नलूनं विचारलं.

"नवी सून हायेस तू," देवकाबाई म्हणाल्या.

करकोच्यांवर भात येणार नाही असं ती वाढून घ्यायची. धुतल्यावर पदरानं पुसायची. मला इतकं कुणी जपलं नव्हतं. मी सुखात होतो, आणि त्याचीच आज लाज वाटते.

सहा महिन्यांनी शेजारच्या शकुंतलाबाईंनी जेवणाच्या वेळीच विचारलं, की हाडाचं भांडं तुमच्या घरी कसं चालतं?

"तिच्या माहेरी मटन शिजते," देवकाबाई हसून म्हणाल्या. "तिले कायचा इटाळ?"

हेमराजनं मान वर केली नाही. त्या दिवशी नलूनं भात करकोच्यांवरच वाढून घेतला, आणि पुढंही तसाच.

देवकाबाई वारल्या. तेराव्यानंतर नलूनं मला पुन्हा कपाटात ठेवलं. गेल्या वर्षी तिची मुलगी अंकिता मला नागपूरला जुन्या भांड्यांच्या एका जाणकाराकडे घेऊन गेली. परत येऊन तिनं आईला त्याची चिठ्ठी वाचून दाखवली. नलू डाळ निवडत होती.

"आता कोणाले सांगू?" ती म्हणाली, आणि निवडत राहिली.

मला बैठकीत टांगायचं म्हणतात. टांगू नका. चिठ्ठी मात्र फेकू नका. तीत लिहिलंय: पांढरी माती, गारगोटीची भुकटी, हाड नाही.