ज्वालाकुंडातली निळी ज्योत

दिवेलागणीला नाल्यापाशी अशी झुंबड उडाली होती, की नाक दाबायलाही कुणाचा हात मोकळा नव्हता. सगळ्यांचे जोडलेले! इंदापूरकडच्या या छोट्या शहराचं सांडपाणी नीरा नदीत उतरण्याआधी एका खड्ड्यात तुंबायचं. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात महिपतीबाबांनी त्याच खड्ड्याचं ‘ज्वालाकुंड’ करून टाकलं.

बाबांनी त्रिशूळ पाण्यात घालून घुसळला. बुडबुडे आले. “माय उसासा टाकतीया!” असं ओरडत त्यांनी पाण्यावरच्या झेंडूच्या ढिगाला कापूर लावला आणि भप्पकन निळी ज्योत उठली.

“हगवण असो, कावीळ असो, कोर्टकज्जा असो, एक घोट तीर्थ! आन हितं पालिकेचं फावडं लागलं तर गाव जळंल!”

कोर्टकज्जाही पोटातूनच बरा होत असावा.

फावडं लावणार होता कुंडलिक, पालिकेचा ओव्हरसियर. सांडपाणी शुद्ध करायची तळी इथं खोदायची म्हणून त्यानं खुंट्या ठोकल्या होत्या. बाबांच्या शब्दाखातर लोकांनी त्या उपटल्या. पहिली उपटली भागूबाईनं.

आज भागूबाई सगळ्यांत पुढं होती. तिचा वर्षाचा नातू सूरज दोन दिवस हगवणीनं मलूल पडला होता. त्याला कडेवर घेऊन सून संजीवनी काकुळतीला आली होती. “आत्याबाई, दवाखान्यात चला की वो!”

“गप गं. आदी तीर्थ.” भागूबाईनं तांब्यात बोट बुडवलं, नातवाच्या ओठाशी नेलं आणि तिथंच थांबली.

हा वास! अन् ही निळी ज्योत! अगं बया, ही तर रोजची! सात वर्षं ती घरच्या गोबरगॅसच्या टाकीत शेण कालवत होती, काठीनं ढवळत होती, बुडबुडे बघत होती. याच ज्योतीवर भाकरी भाजत होती. एकदाही हात जोडले नव्हते.

“महाराज, फुलं जरा बाजूला करा.”

“माय कोपंल!”

“माझ्या घरची सात वर्सांत कोपली न्हाय!”

पदर खोचून तिनं काठीनं झेंडू सारला. खाली पत्र्याचा पालथा डबा, बुडाला भोक, जाळ त्यातूनच. तिनं भोकावर ओलं फडकं दाबलं, माय विझली. गर्दीच्या कडेला उभा असलेला कुंडलिक पुढं आला आणि त्यानं पाण्यातला त्रिशूळ घुसळला. तिनं फडकं काढून काडी लावली. भप्प!

“बगा, माझ्या हातानं बी येती! माझ्या घरची शेणाची, ही आपल्या समद्यांच्या संडासाची!”

कुणीतरी थुंकलं. मग सगळेच थुंकू लागले. महिपतीबाबा तेवढ्यात मागच्या मागे पसार झाले, त्रिशूळ तिथंच टाकून.

कुंडलिक म्हणाला, “तळाचा गाळ हवेबिगर कुजतो, त्याचा गॅस हुतो. जाळ वर दिसतो, रोगाचं जंतू पाण्यातच ऱ्हात्यात. तेच पाणी नदीत, आन नदीचं झिरपून आपल्या विहिरीत. म्हणून तर तळी पायजेत.”

भागूबाईचा चेहरा उतरला. “म्हंजी माझं लेकरू ह्याच पाण्यानं...” तिनं तांब्या तिथंच पालथा केला. “संजे, चल दवाखान्यात.”

सूरजला त्याच संध्याकाळी सलाईन लागलं. चौथ्या दिवशी त्यानं भाकरीला हात घातला, तेव्हा भागूबाई ढसाढसा रडली. मग नाल्यावर जाऊन तिनं कुंडलिकच्या हातून हातोडा घेतला आणि पहिली खुंटी स्वतः ठोकली.

“उपटली बी मीच व्हती,” ती जमलेल्यांना म्हणाली. “देवाला हात जोडा, मी न्हाय म्हणत न्हाय. पर जोडायच्या आदी फुलं बाजूला सारून बगत जा.”