मास्तरांची तब्येत

सिस्टरना रिटायर व्हायची कोण घाई झाली होती. पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात जन्मभर उभं राहून पायांवर निळ्या शिरांचं जाळं उठलं होतं आणि संध्याकाळ झाली की पाठ बोलायला लागायची. "एकदा इथून सुटू दे," त्या वॉर्डातल्या मुलींना सांगायच्या, "आठवडाभर पलंगावरून पाय खाली ठेवणार नाही. चहासुद्धा आयता पिणार."

आयत्या चहाची सोय होतीच. त्यांचे यजमान शाळेत गणित शिकवायचे, म्हणून गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. ते केव्हाच निवृत्त झाले होते आणि त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं. भाजी चिरण्यापासून भांडी पुसून जागच्या जागी ठेवण्यापर्यंत सगळं ते करत, आणि झकास करत. सकाळी तळ्याला फेरी मारायची, दुपारी वाचनालयामागच्या खोलीत कॅरम, येताना भाजी. वजाबाकीत हातचा चुकला तर जितके चिडत, तितकेच आता झाकण चुकीच्या डब्याला लागलं तर चिडत.

निरोपाच्या दिवशी वॉर्डात केक कापला. सिस्टरच्या हाताखाली तयार झालेली चिमणी आता तिथली इन्चार्ज होणार होती. शिकायला आली तेव्हा एवढीशी होती आणि सारखी चिवचिव करायची, म्हणून सिस्टरनीच तिला ते नाव ठेवलं होतं. औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या तिच्या हातात देताना सिस्टर हसत होत्या. रडली ती चिमणीच.

पहिले काही दिवस मजेत गेले. सिस्टर झोपल्या, उठल्या, परत झोपल्या. मग एका सकाळी झोप पुरली. मास्तर फिरायला गेलेले. घर लख्ख, भाजी चिरून झाकलेली, कपडे वाळत घातलेले. सिस्टर या खोलीतून त्या खोलीत गेल्या, पुन्हा आल्या. शेवटी स्वयंपाकघरातले सगळे डबे काढून त्यांनी नव्याने लावले.

मास्तर परत आले. बराच वेळ फडताळापुढे उभे राहिले.

"अगं, साखर कुठे गेली?"

"हाताला लागेल अशी ठेवलीय. खाली."

"माझ्या हाताला ती वरच लागायची." ते काही रागाने बोलले नाहीत, पण दुपारपर्यंत सगळे डबे मूळ जागी गेले होते.

सिस्टरच्या मनाला ते लागलं. निवृत्तीचं चित्र त्यांनी खूप रंगवलं होतं, पण त्या चित्रात मास्तर रिकामे बसलेले असत, त्यांची वाट बघत. खऱ्या मास्तरांना तर दुपारी कॅरमला जायचं होतं. "तूही चल ना," ते म्हणाले. "मी काय करू तिथे?" सिस्टर म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. त्यांना कॅरम येत नव्हता. ड्यूटी सोडून दुसरं काही शिकायला त्यांना सवड झालीच नव्हती.

म्हणून त्या वॉर्डात जायला लागल्या. सहज, जाता जाता. पहिल्यांदा मुली गळ्यात पडल्या, खुर्ची दिली, चहा मागवला. दुसऱ्यांदाही चहा आला. त्यानंतर मुली नुसत्या हसून पुढे जायला लागल्या. सिस्टर खुर्चीत बसून बघत राहायच्या. चादरींचे कोपरे नीट खोचलेले नसायचे. न राहवून उठायच्या आणि खोचायच्या. चिमणी लांबून बघायची.

एके दिवशी खिडकीजवळच्या खाटेवर नुकतंच ऑपरेशन झालेला एक माणूस कोपरावर जोर देऊन उठायची धडपड करत होता. सिस्टर गेल्या आणि खांद्याखाली हात घालून त्याला अलगद बसतं केलं. हजारो माणसांना त्यांनी असं बसतं केलं होतं. हात आधी पुढे गेला, विचार मागून आला. त्या माणसाला कण्यात इंजेक्शन देऊन ऑपरेशन केलं होतं आणि संध्याकाळपर्यंत आडवंच ठेवायचं होतं. पूर्वी असं काही असलं की खाटेच्या पायथ्याशी पाटी लटकायची. सिस्टर गेल्यानंतर ते कॉम्प्युटरवर गेलं होतं. माणूस पांढराफटक पडला, बाजूला कलंडला आणि खाटेची लोखंडी दांडी त्याच्या कपाळाला लागली. रक्त आलं. टाके घालावे लागले.

सगळं निस्तरल्यावर चिमणीने त्यांना कपडे बदलायच्या खोलीत नेलं, दार लावलं.

"सिस्टर, उद्यापासून येऊ नका."

"अगं, माझ्या लक्षात..."

"मला कळतंय. पण तो माणूस तुमचा नव्हता, माझा होता. डॉक्टर मला विचारणार, त्या आता इथे कोण." चिमणी दाराला पाठ लावून उभी राहिली. "मी काय सांगू? कोण म्हणून सांगू?"

 घरी येऊन सिस्टरनी मास्तरांना यातलं अक्षर सांगितलं नाही. पण चिमणीने आधीच फोन केला होता.  त्या दिवशी मास्तर कॅरमला गेले नाहीत.

पुढच्या आठवड्यात मास्तर ओट्याखाली गडगडत गेलेलं झाकण काढायला वाकले आणि उठताना त्यांना जराशी चक्कर आली. कोणालाही येते तशी. ते भिंतीला धरून उभे राहिले.

सिस्टर दारातच होत्या. कित्येक दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी आली.

"बसा. बसा म्हणते ना! हात द्या इकडे."

प्रेशर बघितलं. वरचा आकडा किंचित जास्त निघाला. त्या दिवसापासून ते रोज सकाळ-संध्याकाळ बघणं सुरू झालं, मग दुपारीही. जेवणातलं मीठ गेलं. मग तळ्याची फेरी गेली, कारण तळ्याला चढ आहे. मग कॅरम, कारण त्या खोलीत हवा खेळत नाही. स्वयंपाकघर अर्थातच सिस्टरकडे आलं. मास्तरांचे मित्र दाराशी आले की सिस्टर बाहेर जाऊन हळू आवाजात सांगायच्या, "आज नको. विश्रांती चाललीय." मित्र पाय न वाजवता जिना उतरायचे.

मास्तर सुरुवातीला मनातल्या मनात हसले. बिचारीला बरं वाटतंय, वाटू दे, चार दिवसांचा तर प्रश्न आहे, असं त्यांनी ठरवलं. ते आज्ञाधारकपणे पलंगावर पडून राहायचे, हात पुढे करायचे, जीभ दाखवायचे. सिस्टर उशी ठोकून सारखी करायच्या, गुणगुणायच्या. कित्येक वर्षांत मास्तरांनी त्यांना घरात गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

पण चार दिवसांचे किती दिवस झाले ते कोणी मोजलंच नाही. पडून राहणाऱ्या माणसाला भूक लागत नाही. भूक नाही म्हणून सिस्टर अधिक काळजी करायच्या, मास्तर अधिक पडून राहायचे. एका दुपारी मास्तरांनी आपणहून विचारलं, "आज प्रेशर बघायचं राहिलं का गं?" आणि विचारल्यावर त्यांचे ते दचकले.

लेक नवरा-मुलीसह दुसऱ्या गावी राहायची, तिथे नोकरी करायची. सुट्टी मिळाली तशी न कळवता आली. भर दिवसा पडदे ओढलेले, बाबा पांघरूण घेऊन पलंगावर, गालफडं बसलेली. तिच्या हातातली बॅग तिथेच खाली पडली.

"बाबांना काय झालंय? मला कोणी कळवलं का नाही?"

"प्रेशर जरा..." सिस्टरनी सुरुवात केली.

"काही झालेलं नाही," मास्तर म्हणाले. ते छताकडे बघत होते. "तुझ्या आईला काम हवं होतं."

 सिस्टरच्या हातात सूप होतं. ते त्यांनी खाली ठेवलं.

"मी तुमची सेवा करत होते," त्या म्हणाल्या.

"करत होतीस. पण मी बरा असलेला तुला चालत होतं का, सांग ना."

सिस्टर बाहेर गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना राग यायला हवा होता, तो येईना. मास्तर उठले, पॅन्ट चढवली आणि लेकीच्या सोबत खाली उतरले. तळ्यापर्यंत जायचं होतं. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापाशीच त्यांचे पाय लटपटले. लेकीने दुकानदाराकडून स्टूल मागून घेतलं. गॅलरीतून सिस्टर बघत होत्या. ज्या माणसाला मित्र पाठीमागून हाका मारायचे, जरा हळू चाला म्हणून, तो स्टुलावर बसून धापा टाकत होता. धावत जायला त्यांचं पाऊल उचललं. त्यांनी कठडा घट्ट धरला आणि त्या गेल्या नाहीत.

लेक बाबांना आपल्याकडे घेऊन गेली. जाताना आईला जवळ घेऊन म्हणाली, "तूही ये ना." सिस्टर म्हणाल्या, "मी आले तर ते परत झोपतील."

नंतरचे दिवस वाईट गेले. पहिल्यांदा सिस्टरनी घर घासून काढलं. मग त्या स्वतःच पलंगावर पडून राहिल्या, केस न विंचरता, दुपारचं जेवण संध्याकाळी. शेजारीण विचारायला आली तर दार उघडलं नाही. कपाळाला टाके पडलेला तो माणूस डोळ्यांपुढून हलेना, आणि आता त्याच्या शेजारी स्टुलावर बसलेले मास्तर. शेवटी त्यांनी फोन लावला.

"मला करमत नाहीये हो."

 "मला इथे करमतंय," मास्तर पलीकडून म्हणाले. "रोज चालतोय. काल नातीबरोबर टेकडीवर जाऊन आलो."

"किती दम..." सिस्टरनी जीभ चावली.

"येईन मी. पण तब्येत विचारायची नाही. कशी आहे, काय आहे, काही नाही. जमेल?"

"माहीत नाही," सिस्टर म्हणाल्या. हे खरं बोलणं मास्तरांना आवडलं असावं, कारण ते रविवारी आले.

जेवायला समोरासमोर बसले तेव्हा दोघांच्याही ध्यानात आलं की बोलायला विषयच नाही. इतकी वर्षं सिस्टर वॉर्डातलं सांगायच्या आणि मास्तर हं म्हणायचे. आता वॉर्ड नव्हता आणि तब्येतीवर बंदी. चमचे वाजत राहिले. मास्तरांच्या गळ्याशी कातडी सैल दिसत होती. सिस्टरनी नजर ताटात वळवली.

मग मास्तर आपणहून कॅरमच्या खोलीतल्या एका जुन्या गड्याबद्दल सांगायला लागले. तो गडी हरायला लागला की त्याला हटकून काहीतरी काम आठवायचं, आणि डाव अर्धाच राहायचा. सिस्टरनी या माणसाबद्दल पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. बहुधा ऐकलं असेल, लक्ष नसेल. मध्येच बोलायची त्यांना दोनदा उबळ आली. दोन्ही वेळा त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

"मग?" त्या म्हणाल्या. "तुम्ही त्याला जाऊ देता?"

मास्तर घास हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिले. ही खरंच विचारतेय की नुसतं म्हणायचं म्हणून, ते त्यांना ठरवता येईना.

"नाही जाऊ देत," ते अखेर म्हणाले आणि पुढचं सांगू लागले.